नागपूरहून विमानाने जाताना: तिकिटावरचे वरखर्च कुठे लागतात आणि कसे टाळायचे

समजा, पडद्यावर नागपूर–पुणे ४,१०० रुपये दिसतंय. पैसे भरायच्या पानापर्यंत पोचेस्तोवर तोच आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. मधल्या फरकातला काही भाग टळत नाही, बराचसा मात्र टळतो. यात एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची: तेच पाच किलो जास्तीचं सामान किंवा तोच तारीखबदल तुम्ही केव्हा मागता, यावर त्याची किंमत ठरते. तिकीट काढताना ते सगळ्यात स्वस्त असतं, नंतर वेबसाइटवर महाग होतं आणि सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, काउंटरवर सगळ्यात महाग. त्यामुळे खाली सांगितलेली बहुतेक कामं घरी बसूनच करायची आहेत.

आधी सामान मोजा, मग तिकीट शोधा

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. आधी स्वस्त तिकीट, मग आदल्या रात्री बॅग, आणि काटा थेट विमानतळावर. सगळ्यात जास्त पैसे याच क्रमामुळे जातात.

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे चेक-इनला, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या बॅगेला, १५ किलो आणि हातात ७ किलोची एक बॅग चालते. लॅपटॉपची छोटी बॅग किंवा लेडीज पर्स वेगळी धरतात, पण लॅपटॉप बॅगेच्या नावाखाली पोटभर भरलेली सॅक नेली तर ती गेटवर अडकू शकते. हातातल्या बॅगेला मापही असतं. ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरमध्ये बसणारी बॅग जवळपास कुठेही चालते. चाकं आणि हँडल धरून मोजा. दुकानातल्या लेबलावर पुष्कळदा नुसत्या डब्याचं माप लिहिलेलं असतं.

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे नग. बऱ्याच कंपन्यांच्या १५ किलोंचा अर्थ ‘१५ किलोचा एक नग’ असा आहे. ९ किलोची बॅग आणि ५ किलोचं खोकं मिळून १४ किलोच भरतात, पण नग दोन झाले, म्हणून दुसऱ्या नगाचे पैसे लागू शकतात. नागपूरकरांना हा फटका नेमका संत्र्यांच्या हंगामात बसतो. पुण्याच्या भाच्यासाठी, दिल्लीच्या साहेबांसाठी पेटी वेगळी बांधली जाते आणि काउंटरवर तिचे पैसे संत्र्यांपेक्षा जास्त होतात. डझनभर मध्यम संत्री साधारण दोन किलो भरतात. दोन डझन न्यायची असतील तर मोठ्या बॅगेतच मधोमध, कपड्यांच्या गुंडाळीत बसवा. थोडी हातातल्या बॅगेतही चालतात, कारण देशांतर्गत प्रवासात अख्खी फळं सोबत न्यायला अडचण नसते. परदेशी जाताना मात्र ताजी फळं नकोच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेल्या फळासाठी जबर दंड होतो.

बॅगेचं स्वतःचं वजन कुणी धरत नाही. चाकांची मोठी कडक ट्रॉली रिकामीच साडेतीन-चार किलो भरते. म्हणजे १५ पैकी तुमच्या हाती ११ किलोच उरले. तेवढ्याच आकाराची कापडी डफल बॅग सव्वा-दीड किलोत येते. वर्षातून चार वेळा विमानाने जात असाल तर बर्डीवरून महागडी ट्रॉली घेण्याआधी ती रिकामी उचलून बघा आणि लेबलावर वजन शोधा.

घरी वजन करायचे दोन मार्ग आहेत. साध्या वजनकाट्यावर आधी बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. नाहीतर हातात धरायचा डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि पहिल्याच प्रवासात वसूल होतो. घरात काटाच नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानदाराचा धान्याचा काटा सगळ्यात अचूक. आकडा १४.५ वर थांबवा. विमानतळाच्या काट्याशी थोडा फरक पडतो, आणि निघताना कुणीतरी चिवड्याचं पाकीट हातात देतंच.

काउंटरवर जादा सामानाचा दर किलोला पाचशे ते सातशे रुपयांच्या घरात असतो, कंपनीगणिक वेगळा. पाच किलो जास्त झाले की अडीच ते साडेतीन हजार गेलेच. हेच वजन आधी वेबसाइटवर घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, पण ते सुटं मिळत नाही. ३, ५, १०, १५ किलो अशा टप्प्यांत घ्यावं लागतं. इथे हिशेब करा. सहा किलो जास्त असतील तर दहाचा टप्पा घेण्यापेक्षा एक किलो कमी करून पाचचा घेणं शहाणपणाचं. हा पर्याय उड्डाणाच्या काही तास आधी बंद होतो, म्हणून आदल्या रात्रीच उरकून टाका. आणि घेतलेले किलो न वापरल्यास पैसे बहुधा परत मिळत नाहीत, तेव्हा अंदाजाने नव्हे, काट्यावर बघूनच घ्या.

आता तिकिटाच्या प्रकाराकडे. काही तिकिटं मुद्दाम चेक-इन बॅगेशिवाय विकतात. एअर इंडिया एक्स्प्रेसचं ‘एक्स्प्रेस लाइट’ तसंच आहे. यादीत ते सगळ्यात वर, सगळ्यात स्वस्त दिसतं. दोन दिवसांच्या कामासाठी हातातली बॅग पुरत असेल तर जरूर घ्या. पण ‘बॅगेचं नंतर बघू’ म्हणून घेतलंत तर नंतर बॅग जोडायला लागणारी रक्कम दोन तिकिटांतल्या फरकापेक्षा जास्त होऊ शकते. जाण्याचा आणि येण्याचा विचार वेगवेगळा करा. लग्नाला जाताना आहेर असतो आणि येताना रिकामी बॅग, तर जातानाचं तिकीट १५ किलोचं आणि येतानाचं लाइट असं घेता येतं. दोन्ही बाजूंना एकच प्रकार घ्यायची सक्ती नसते.

कुणाला जास्त वजन फुकट मिळतं? काही कंपन्या विद्यार्थी भाड्यावर १० किलो जादा देतात. व्हीएनआयटी, मिहानमधलं एम्स किंवा आयआयएम, कुठेही शिकणाऱ्याला हे उपयोगी. सशस्त्र दलांतल्या जवानांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना वेगळं भाडं आहे. कामठी आणि वायुसेनानगरच्या घरांत हे ठाऊक असतं, बाकी फौजी घरांनी विचारावं. साठीच्या वरच्यांनाही मूळ भाड्यात सवलत असते. दोन अटी विसरू नका. हा प्रकार तिकीट शोधतानाच निवडावा लागतो, नंतर लागू होत नाही. आणि काउंटरवर मूळ ओळखपत्र लागतं. ते नसलं तर सवलत जाते आणि फरक भरावा लागतो. शिवाय एकदा साधं भाडं अधिक बँकेचं कूपन असा हिशेबही करून बघा. सामान थोडं असेल तर कधीकधी तेच स्वस्त पडतं.

एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, चौघं असतील तर वजन साधारणपणे एकत्र धरतात, म्हणजे एकाची बॅग १७ आणि दुसऱ्याची १२ चालून जाते. त्यासाठी सगळ्यांनी एकाच वेळी एकाच काउंटरवर उभं राहायचं. ‘तू हो पुढे, मी पार्किंग करून येतो’ केलं की हिशेब एकेकट्याचा होतो. मात्र एकच बॅग ३२ किलोंच्या वर कुठेच घेत नाहीत, कितीही पैसे दिले तरी.

जड वस्तू विमानानेच का न्यायच्या, हाही प्रश्न आहे. पुण्यात शिकायला गेलेल्या मुलाची गादी, धान्य, भांडी ट्रॅव्हल्सच्या पार्सलने रात्रीतून पोचतात. पुस्तकांसाठी डाक खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ती जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ लागतो, पण स्पर्धा परीक्षेच्या पाच किलो पुस्तकांसाठी काउंटरवर तीन हजार देण्यापेक्षा आठवडाभर थांबणं बरं.

भरताना कुठलं सामान कुठे हेही पैशाचंच गणित आहे. तिखट, सावजी मसाला, तेलाचं लोणचं हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत अडतं. ते चेक-इनमध्येच घाला आणि १५ किलोंत मोजा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या उलट, त्या फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत सापडल्या तर बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला परत बोलावतात. सुकं खोबरं चेक-इनमध्ये घालू नका, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. आईने डब्यात दिलेली खोबऱ्याची वाटी अशी तिथेच राहते.

एवढं करूनही काट्यावर १६.८ आलंच, तर लगेच कार्ड काढू नका. ‘दोन मिनिटं बाजूला होतो’ म्हणा. जॅकेट अंगात घाला, जड बूट पायात, चपला बॅगेत. चार्जर, पुस्तक, संत्री हातातल्या बॅगेत, तिचं ७ किलोचं भान ठेवून. म्हणूनच जड आणि चटकन काढता येतील अशा वस्तू बॅगेत सगळ्यात वर भरायच्या. तळाशी पुस्तकं आणि वर साड्या असं भरलं की काउंटरसमोर संसार मांडावा लागतो.

पैसे भरायच्या पानावर

कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन तिकीट काढण्याचं शुल्क, शेवटच्या पानावर उगवते, आणि ती तिकिटामागे नसून बहुतेक ठिकाणी माणशी आणि दर बाजूला असते. ३५० रुपये धरा. चौघांचं जाणं-येणं म्हणजे आठ वेळा ३५०, झाले २,८००. तिकीट रद्द केलं तरी ही रक्कम परत येत नाही. काही कंपन्या यूपीआय किंवा नेट बँकिंगला ती कमी करतात किंवा माफ करतात, काही आपल्या सभासदांना लॉग-इन केल्यावर सूट देतात. त्यासाठी पैसे भरायच्या पानावर प्रत्येक पर्यायावर एकदा टिचकी मारा आणि एकूण आकडा बदलतो का ते बघा. अर्धं मिनिट लागतं.

बुकिंगची पोर्टलं आणि विमान कंपनीची स्वतःची साइट यांची तुलना करताना पहिल्या पानाचे आकडे बघूच नका. दोन्हीकडे शेवटच्या पानापर्यंत जा, पैसे भरायच्या अगदी आधी थांबा आणि ते दोन आकडे शेजारी ठेवा. पोर्टलवर कूपन मिळतं, पण पुढे बदल करायचा झाला तर कंपनीची फी वेगळी आणि पोर्टलची वेगळी. तारीख पक्की नसेल तर थेट कंपनीच्या साइटवरून काढलेलं तिकीट दोनेकशे रुपयांनी महाग असलं तरी परवडतं.

आता खुणा तपासा. विमा, ‘फ्री कॅन्सलेशन’, एखाद्या संस्थेला दहा रुपयांची देणगी, बॅग हरवल्यास भरपाई, असे चौकोन आधीच टिक करून ठेवलेले असू शकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या वेबसाइटच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे १३ प्रकार सांगितले. गिऱ्हाइकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकणं, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं, ‘नको, मी माझा प्रवास असुरक्षित ठेवतो’ अशी लाज वाटायला लावणारी वाक्यं नकाराच्या बटणावर लिहिणं, हे सगळं त्यात येतं. ते वाक्य वाचून अपराधी वाटून घेऊ नका, दाबा. तासा-दीड तासाच्या देशांतर्गत प्रवासाला तिकिटासोबतचा विमा क्वचितच कामी येतो. परदेशी जाताना विमा हवाच, पण तो वेगळा, अटी वाचून घ्यावा.

जेवणाचं फार बोलण्यासारखं नाही. नागपूर–पुणे असो की नागपूर–मुंबई, विमान वर जाऊन खाली येईपर्यंत भूक लागायची नाही. पोळी-भाजीचा डबा, ठेपले, पोहे नेता येतात. रस्सा नको, तर्री तर नकोच. रिकामी बाटली न्या आणि सुरक्षा तपासणीनंतर पाण्याच्या नळावर भरून घ्या. विमानात खायचंच असेल तर आधी नोंदवलेलं जेवण आत विकत घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

सीटचे पैसे

सीट निवडणं ऐच्छिक आहे. तिकीट असेल तर सीट मिळतेच. तरीही वेब चेक-इनच्या, म्हणजे ऑनलाइन बोर्डिंग पास काढतानाच्या, नकाशात सगळ्या सीटांवर किमती दिसतात आणि लोक घाबरून दोनशे-तीनशे भरतात. ‘स्किप’ किंवा आपोआप सीट देण्याचा पर्याय पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असतो. तो शोधा. सापडलाच नाही तर वेब चेक-इन अर्धवट सोडून काउंटरवर जा. तिथे उरलेल्या सीटांपैकी एक फुकट देतात. बोर्डिंग पास काउंटरवर छापून घेण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

लहान मुलांच्या काळजीने आई-वडील सीटचे पैसे भरतात. गरज नाही. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यावी, असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. ‘त्याच पीएनआरवर’ हे महत्त्वाचं. आईचं तिकीट ऑफिसने काढलं आणि मुलाचं बाबांनी पोर्टलवरून, तर हा आधार सुटतो.

पैसे कधी द्यावेत? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कडेची सीट, किंवा पुढे जोडविमान असेल आणि लवकर उतरायचं असेल तेव्हा. बाकी सव्वा तासासाठी खिडकी ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं असं आपणच म्हणतो. ज्येष्ठांना व्हीलचेअर लागणार असेल तर ती तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवा. गरजू प्रवाशाला तिचे पैसे पडत नाहीत.

पहिले दोन दिवस

तिकीट निघाल्यावर लगेच ईमेल उघडून नाव, तारीख, वेळ आणि विमानतळ वाचा. आडनाव पहिल्या रकान्यात पडणं, वडिलांचं नाव मध्ये शिरणं, ‘सकाळी ६’ऐवजी ‘संध्याकाळी ६’ घेणं या नेहमीच्या चुका आहेत. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे बुकिंगपासून पहिल्या ४८ तासांत तिकीट रद्द करायला किंवा बदलायला दंड नाही, पण त्यासाठी देशांतर्गत प्रवास किमान सात दिवस आणि परदेशप्रवास किमान पंधरा दिवस पुढचा हवा. तारीख बदललीत तर भाड्यातला फरक मात्र भरावा लागतो. कंपनीच्या साइटवरून थेट काढलेल्या तिकिटात त्याच माणसाच्या नावातली चूक २४ तासांत कळवली तर तिचेही पैसे घेता येत नाहीत. मुदत उलटली की तारीखबदलालाच तीन हजारांच्या आसपास जातात.

मुंबईचं तिकीट काढताना आता एक नवा घोळ होतो. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे आणि शोधयादीत ‘मुंबई’खाली दोन्ही दिसू शकतात. अंधेरीत काम असताना चारशे रुपये वाचवायला नवी मुंबईच्या विमानतळावर, उलव्यात, उतरलात तर टॅक्सीत ते दुपटी-तिपटीने जातात. पनवेल, खारघरच्या माणसाचं गणित अर्थातच उलटं.

जोडविमानाचा सापळा

नागपूरहून थेट आंतरराष्ट्रीय उड्डाणं मोजकीच, त्यामुळे परदेशी जाणारे बहुतेक जण दिल्ली-मुंबईहून पुढे जातात. तिथे हमखास होणारी चूक अशी: आंतरराष्ट्रीय तिकीट एका साइटवरून, नागपूर–मुंबई दुसऱ्या साइटवरून वेगळं. काही आंतरराष्ट्रीय तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण नागपूर–मुंबई टप्प्याला १५ किलोचा नियम लागतो. ४६ वजा १५ म्हणजे ३१ किलो जादा. काउंटरच्या दराने याचे पंधरा हजारांच्या वर जातात, आणि सकाळी पाच वाजता सोनेगावला दुसरा उपाय नसतो.

एकाच पीएनआरवर नागपूर ते परदेश असं सलग तिकीट असेल तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादा पहिल्या टप्प्यालाही लागू होते. असं तिकीट चार-पाच हजारांनी महाग दिसलं तरी बॅगांचे पैसे धरून पुन्हा तुलना करा. वेगळंच काढायचं असेल तर देशांतर्गत कंपनीला फोन करून विचारा की पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यास सामानाची सवलत आहे का, आणि नसल्यास किलो आधीच विकत घ्या. सलग तिकिटात विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानाची सोय कंपनी करते. वेगवेगळ्या तिकिटांत पुढचं चुकलं तर नवं तिकीट तुमच्या खिशातून. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात हे वारंवार होतं, तेव्हा मध्ये पाच-सहा तास तरी ठेवा किंवा आदल्या दिवशी पोचा.

विमानतळ गाठताना

मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर एअरपोर्ट स्टेशन आहे, बर्डीहून थेट. दिवसाच्या विमानाला एका माणसासाठी यापेक्षा स्वस्त काही नाही. पण स्टेशन वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल त्याला लागून नाही. मोठ्या बॅगेसह शेवटच्या टप्प्याला ई-रिक्षा किंवा ऑटो धरा, भाडं बसण्याआधी ठरवून. पहाटेच्या विमानाला मेट्रो चालू झालेली नसते. त्यासाठी कॅब आदल्या रात्री नोंदवून ठेवा, कारण पहाटे चारला भाडं चढलेलं असतं. सोडायला येणाऱ्याने गाडी टर्मिनलसमोर गप्पा मारत उभी ठेवू नये. मोफत मिनिटं संपली की पार्किंगचे पैसे लागतात. निरोप घरीच घ्या.

देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी. ५८ मिनिटं उरलेली असताना बॅग घेऊन धापा टाकत पोचलेल्या माणसाला काउंटर दिसतो, पण बॅग घेतली जात नाही. मग पुढच्या विमानाचं त्या क्षणीचं भाडं. नुसती हातातली बॅग आणि मोबाइलवर बोर्डिंग पास असेल तर थोडी सूट मिळते, तीही सुरक्षेच्या रांगेवर अवलंबून. वेब चेक-इन काही कंपन्यांत ४८ तास आधी सुरू होतं. उघडल्या उघडल्या करा, आपोआप मिळणारी सीटही तेव्हा बरी असते.

क्रेडिट किंवा रुपे कार्डावर लाउंज फुकट असेल तर वापरा, पण आधी बँकेच्या अॅपमध्ये बघा. अनेक कार्डांनी आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याची अट घातली आहे. अट पुरी नसताना कार्ड घासलं तर लाउंजचं पूर्ण बिल तुमच्या नावावर येतं.

जाणं रद्द झालं तर

‘तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही’ असं समजून लोक गप्प बसतात. हे चूक आहे. डीजीसीएच्या नियमानुसार प्रवास झालाच नाही तर विमानतळाचे शुल्क आणि कर परत द्यावे लागतात. ऑफरचं तिकीट असो, नॉन-रिफंडेबल असो, की तुम्ही विमानतळावर पोचलाच नसाल. परतावा करण्यासाठी वेगळी फी घेता येत नाही. आणि रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे हे दोन्ही मिळून २,४०० असतील आणि कंपनीच्या तक्त्यात रद्द करण्याचे ३,००० लिहिले असतील, तरी कापता येतात २,४००च. उरलेले कर आणि शुल्क तुमचे. परतावा बँकेत हवा की पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा ठेवायचा, हे तुम्ही ठरवायचं. अॅपमध्ये ‘क्रेडिट’चं बटण मोठं असतं, म्हणून तेच दाबू नका.

जाणार नसाल तर वेळेत रद्द करा, नुसतं गैरहजर राहू नका. ऑनलाइन रद्द करायची खिडकी उड्डाणाच्या दोनेक तास आधी बंद होते. आणि जाणं-येणं एकाच तिकिटावर असेल तर पहिल्या टप्प्याला न आल्यास काही कंपन्या परतीचा टप्पाही रद्द करतात.

याच्या उलट प्रसंग म्हणजे विमानच लटकणं. धुक्यामुळे दिल्लीचं विमान तीन तास, चार तास पुढे ढकललं जातंय आणि तुम्ही वैतागून स्वतःच तिकीट रद्द केलंत, तर शुल्क तुम्हाला लागतं. थांबा. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर कंपनीने पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा असतो. विमान कंपनीने रद्द केलं तरी तसंच. वेळ बदलल्याचा एसएमएस जपून ठेवा आणि काउंटरवर ‘मला परतावा हवा’ हे शब्द स्पष्ट बोला.

पैसे चुकीचे कापले गेले तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला. दोघांचे पत्ते साइटवर तळाशी असतात. उत्तर समाधानकारक नसेल तर सरकारच्या एअरसेवा अॅपवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीत राग ओतू नका. पीएनआर, उड्डाण क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम, तुमच्या मते बरोबर रक्कम आणि फरक अशा सहा ओळी पुरतात. सोबत तिकिटाचा भाड्याचा तक्ता, जादा सामानाची पावती आणि काउंटरवरच्या काट्याचा फोटो जोडा. हा फोटो पैसे भरण्याआधीच काढायचा असतो. बॅग पट्ट्यावरून आत गेली की तो मिळत नाही.